एक चौक, दोन नगरपालिका

चौकाच्या मधोमध गोल मोझॅक आहे आणि त्याच्या मध्यभागी धातूची तबकडी. सहा-सात वर्षांची एक मुलगी तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय रोवून उभी आहे. तिचे वडील मोबाइल धरून मागे मागे सरकतायत. फोटो निघतो. मुलगी धावत सुटते ती थेट आपल्या सायकलीकडे. सायकल कुठल्या देशात उभी आहे, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

एप्रिल 2024. इटलीतलं गोरित्सिया आणि स्लोव्हेनियातलं नोवा गोरित्सा ही दोन गावं इथे एकमेकांना खेटून उभी आहेत. समोर लांबलचक जुनं रेल्वे स्टेशन आहे, ते स्लोव्हेनियाचं. पाठीमागे दुमजली घरं आणि त्यांच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, ते इटलीचे. मध्ये सिमेंटच्या कुंड्यांची ओळ. इटलीवाले या जागेला पियात्सा ट्रान्सअल्पिना म्हणतात, स्लोव्हेनियावाले त्र्ग एव्रोपे. चौकाच्या टोकांपासून पुढे जुनं कुंपण अजून शिल्लक आहे, बुटकं, सिमेंटच्या पायावर उभं. चौकातलं कुंपण मात्र 2004 साली काढलं. त्या वर्षी 1 मेला स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला. व्हित्तोरिओ ब्रान्काती तेव्हा गोरित्सियाचे महापौर होते, मिर्को ब्रुल्त्स नोवा गोरित्साचे.

स्टेशनच्या इमारतीतच एका बाजूला छोटं संग्रहालय आहे. आत शिरताना थंडगार वाटतं. काचेमागे सीमारक्षकांचे गणवेश, कोरीव क्रमांकांचे दगड, पासपोर्टवर मारायचे शिक्के. स्टेशनच्या छपरावर एके काळी इटलीकडे तोंड करून एक लाल तारा लावलेला असे आणि ‘आम्ही समाजवाद उभारतो आहोत’ अशी पाटी. संग्रहालय सांभाळणारी तरुणी नोवा गोरित्सात राहते, तिची मोठी बहीण लग्न होऊन गोरित्सियात गेली आहे. ती मला एका फोटोसमोर उभं करते. अंगणातून, भिंतीला घासून, पांढऱ्या रंगाची रेघ गेलेली दिसते.

“इथून सुरुवात करा,” ती म्हणते. “बाकी सगळं या रेघेमुळे झालंय.”

हे स्टेशन 1906 सालचं, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यातलं. आल्प्स ओलांडून ट्रिएस्टच्या बंदराला पोचणारा लोहमार्ग इथून जायचा आणि उद्घाटनाला युवराज फ्रान्झ फर्डिनांड आला होता. पहिल्या महायुद्धात शेजारच्या नदीकाठी, इझोन्त्सोच्या खोऱ्यात, बारा लढाया झाल्या. दुसरं महायुद्ध संपलं आणि 10 फेब्रुवारी 1947 च्या पॅरिस तहाने इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यात नवी हद्द ठरली. जुनं शहर इटलीकडे राहिलं. त्याचं हे स्टेशन, पूर्वेकडची उपनगरं आणि आजूबाजूची खेडी युगोस्लाव्हियाकडे गेली. 15 आणि 16 सप्टेंबर 1947 च्या मधल्या रात्री रेघ अमलात आली.

मी ती तारीख पुन्हा वाचतो. रॅडक्लिफने आखलेली आपली फाळणीची रेघ जाहीर झाली ती त्याच वर्षीच्या 17 ऑगस्टला. जेमतेम महिन्याचं अंतर. आणि साम्य इथेच थांबत नाही. शहर हातचं गेल्यावर युगोस्लाव्हियाने ठरवलं की आपल्या बाजूला नवं शहर उभारायचं. 1948 साली शेतजमिनीवर काम सुरू झालं. आराखडा एदवार्द राव्हनिकारचा. हा राव्हनिकार 1939 साली पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम करून आलेला. लाहोर गेल्यावर पंजाबसाठी चंडीगड उभं राहिलं, ते या ल कॉर्ब्युझिएच्याच आराखड्यावर. गुरू-शिष्यांच्या वाट्याला फाळणीने हिरावलेल्या शहरांच्या जागी नवी शहरं बांधायचं काम आलं. नोवा गोरित्साचे रुंद रस्ते आणि त्यांच्या कडेची झाडं पाहताना हे डोक्यातून जात नाही.

ती तरुणी मला पुढच्या काचेजवळ बोलावते आणि झाडू दाखवते. साधा झाडू, काड्यांची जुडी तारेने आवळलेली.

13 ऑगस्ट 1950, रविवार. युगोस्लाव्हियाच्या बाजूचे हजारो लोक सीमेवरच्या नाक्याजवळ जमले. तीन वर्षांपासून नातलग पलीकडे अडकलेले. घरात लागणाऱ्या वस्तू बाजारात मिळेनाशा झालेल्या. गर्दी वाढत गेली आणि पहारेकऱ्यांना न जुमानता लोक गोरित्सियात घुसले. पळून जायला ते आलेच नव्हते. त्यांनी भावंडांना मिठ्या मारल्या, दुकानांत शिरले, हाती लागेल ते घेतलं आणि संध्याकाळी परत निघाले. परतताना कितीतरी जणांच्या खांद्यावर झाडू होते, कारण त्यांच्याकडे झाडूंचा तुटवडा होता. तेव्हापासून या भागात त्या दिवसाला ‘झाडूंचा रविवार’ म्हणतात.

“माझ्या आजीने दोन आणले होते,” ती सांगते. “एक स्वतःला, एक शेजारणीला.”

मी त्या झाडूसमोर बराच वेळ उभा राहतो. तहाचा मसुदा, नकाशे, सह्या हे सगळं मी पूर्वीही वाचलं आहे. पण रेघ घरापर्यंत कशी पोचते, ते मला या काचेपुढे समजतं. केर काढायला झाडू नाही, आणि तो मिळतो ती बाजारपेठ परक्या देशात गेली आहे.

दुपारी मिरेनला जातो. गोरित्सियापासून हे गाव काही किलोमीटरवर, स्लोव्हेनियात. इथल्या कबरस्तानातून 1947 पासून 1975 पर्यंत आंतरराष्ट्रीय सीमा जात होती. भिंतीबाहेरून नव्हे, थेट कबरींमधून. एका कबरीचं डोकं इटलीत आणि पाय युगोस्लाव्हियात. वाटाड्या म्हणून आलेला माणूस हात आडवा धरून हवेत रेघ ओढतो आणि दोन कबरींच्या मधून चालत जातो. तारेपलीकडच्या आईच्या कबरीवर फुलं ठेवायची, तर रीतसर नाक्यावरून वळसा घालून यावं लागे. 1975 च्या ओसिमो कराराने ही हद्द सरळ झाली. आज तिथे एक म्हातारी बादलीतलं पाणी घेऊन संगमरवरी पाटी घासते आहे. ती आमच्याकडे बघून मान हलवते आणि पुन्हा कामाला लागते.

या कराराने आणखी एक चमत्कारिक गोष्ट झाली. नोवा गोरित्सातून द्राक्षमळ्यांच्या ब्रदा भागात जायला सोयीचा रस्ता नव्हता, मध्ये इटलीचा तुकडा येत होता. मग साबोतिन डोंगराच्या कुशीतून, इटलीच्या जमिनीवरून, युगोस्लाव्हियाचा रस्ता काढायचं ठरलं. 1985 साली तो झाला. दोन्ही बाजूंना उंच जाळ्या. परदेशातून जायचं, पण उतरायचं नाही. अजूनही त्या रस्त्याने जाता येतं. साबोतिनच्या उतारावर दगड रचून लिहिलेली टिटोच्या नावाची अक्षरं गोरित्सियातून दिसतात.

संध्याकाळी गोरित्सियात नगरपालिकेच्या कामांशी संबंधित एक गृहस्थ भेटतात. एका मित्राने ओळख करून दिली आहे. कॉफी येते. मी विचारतो, की दोन देशांच्या पालिका एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय करतात? ते खिशातून पेन काढतात आणि कागदी रुमालावर तीन चौकोन काढतात.

“गोरित्सिया. नोवा गोरित्सा. आणि हे शेम्पेटेर-व्हर्तोयबा. तीन पालिका. आता बघा.” तिघांभोवती ते एक मोठं वर्तुळ ओढतात.

ते वर्तुळ म्हणजे 2011 साली स्थापन झालेला प्रादेशिक सहकार्याचा युरोपीय गट. 2006 साली युरोपीय संघाने अशा संस्थांसाठी एक नियम केला. त्याआधी दोन देशांच्या पालिका एकत्र यायच्या त्या समारंभाला. एकमेकांचे हार घ्यायचे, करारावर सह्या करायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. काही बांधायचं म्हटलं की कोण निविदा काढणार, कुठल्या कायद्याने, पैसा कोणाच्या खात्यात, यावर गाडं अडायचं. नव्या नियमाने पालिकांच्या अशा गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व मिळालं. त्याला बँकेत खातं उघडता येतं, माणसं नेमता येतात, निविदा काढता येते, खटलाही चालवता येतो. गोरित्सियाच्या गटाच्या सभेत चौदा सभासद आहेत, सात इटलीचे, सात स्लोव्हेनियाचे. दोन्ही भाषा कामकाजाच्या.

“सात आणि सात,” ते गृहस्थ रुमालावर आकडे लिहितात. “एका बाजूला मोठं शहर, म्हणून त्याला जास्त जागा, असं नाही. भांडण झालं तर बहुमताने दाबून टाकता येत नाही. बसून मिटवावंच लागतं.”

युरोपीय संघाच्या निधीतून या गटाला एक कोटी युरो मिळाले. निम्मे नदीकाठासाठी, निम्मे आरोग्यासाठी. नदी एकच आहे, स्लोव्हेनियात ती सोचा आणि इटलीत इझोन्त्सो. तिच्या काठाने दोन्ही देशांतून जाणारी पायवाट आणि सायकलवाट हा पहिला प्रकल्प. सोल्कानला नदीवर पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी पूल झाला आहे.

मी सांडपाण्याचं विचारतो, तेव्हा ते हसतात. त्यांना वाटलं होतं मी संस्कृतीबद्दल विचारीन. कोरेन नावाचा ओढा नोवा गोरित्सातून निघून गोरित्सियात उतरतो, तिथे त्याला कोर्नो म्हणतात. वरच्या गावाचं मैलापाणी वर्षानुवर्षं खालच्या गावात यायचं. कुंपण माणसांना अडवू शकत होतं, या पाण्याला नाही. व्हर्तोयबाला प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, तेव्हा कुठे हा प्रश्न हलला. ही गोष्ट कोणाच्या भाषणात येत नाही. पण खालच्या काठाला राहणाऱ्या माणसाला दोन देशांच्या मैत्रीचा पहिला पुरावा मिळाला असेल, तर तो नाकाने मिळाला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसने पलीकडे जातो. दोन गावांच्या स्टेशनांना जोडणारी ही बस. माझ्या पुढच्या बाकावर दोन शाळकरी पोरं, एकाच्या हातात व्हायोलिनची पेटी. एक बाई पिशवीत भाजी घेऊन चढते. सीमेच्या नाक्यावर इटालियन पोलिसांची गाडी उभी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पश्चिम आशियातल्या युद्धाचं आणि दहशतवादाच्या धोक्याचं कारण देऊन इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली, ती चालूच आहे. 21 डिसेंबर 2007 पासून एरवी इथे कोणी कोणाला अडवत नव्हतं. पोलीस एका मोटारीला बाजूला घेतात, आमच्या बसकडे पाहतात, हात हलवतात. बस जाते. भाजीवाली बाई खिडकीबाहेर बघतही नाही, पण व्हायोलिनवाला पोरगा ताठ बसलेला आहे, तो पुढच्या वळणावर सैल होतो.

मार्च 2020 मध्ये तर चौकातच पुन्हा जाळी उभी राहिली होती. करोना. कालच्या तरुणीने सांगितलं होतं, की तिची बहीण पलीकडून यायची आणि दोघी जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायच्या. काही जण जाळीवरून बॅडमिंटन खेळायचे. त्या जाळीचा निर्णय या दोन पालिकांनी घेतलेला नव्हता. तो राजधान्यांत झाला. जून उजाडला तेव्हा ती निघाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नोवा गोरित्साची 2025 सालची युरोपीय सांस्कृतिक राजधानी म्हणून निवड झाली. त्या गावाने अर्ज केला होता तो गोरित्सियाला बरोबर घेऊन, आणि दोन देशांतली दोन गावं मिळून ही राजधानी व्हायची ही पहिलीच वेळ. आज दोन्हीकडे त्याची तयारी दिसते. रस्ते उकरलेले, भिंतींना परांच्या लावलेल्या.

बसमधून उतरून मी चालत परत इटलीत येतो आणि एका मोठ्या बागेत शिरतो. इथे पूर्वी मनोरुग्णालय होतं. त्याच्या आवाराला लागूनच सीमा. 1961 साली फ्रान्को बसाल्या नावाचे डॉक्टर इथे संचालक म्हणून आले. रुग्णांना बांधून ठेवणं त्यांनी बंद केलं, दारं उघडली, सगळ्यांच्या सभा भरवल्या. त्यांनी सुरू केलेल्या चळवळीतून 1978 साली इटलीत कायदा झाला आणि मनोरुग्णालयं बंद होऊ लागली. ज्या आवाराच्या मागे तार आणि पहारेकरी होते, तिथूनच ही सुरुवात झाली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. दोन देशांच्या संयुक्त आरोग्य प्रकल्पात मानसिक आरोग्य हा विषय आहे, त्यालाही या जागेचा वारसा आहे.

त्या प्रकल्पाचा दुसरा विषय बाळंतपण. 2014 साली गोरित्सियाच्या रुग्णालयातला प्रसूती विभाग बंद झाला. जन्म कमी, खर्च जास्त. बायकांना वीसेक किलोमीटरवर मोनफाल्कोनेला जावं लागू लागलं. आणि सीमेपलीकडे, हाकेच्या अंतरावर, शेम्पेटेरच्या रुग्णालयात प्रसूती विभाग चालू होता. मग दोन्ही देशांच्या सुईणींचं मिळून पथक बांधायचं ठरलं. गरोदरपणातली देखभाल एकत्र, कागदपत्रांची पद्धत एकत्र. ऑटिझम असलेल्या मुलांसाठीही तसंच संयुक्त पथक. हे सोपं गेलं नाही. विमा वेगळा, डॉक्टरांच्या परवान्याचे नियम वेगळे, आणीबाणीत जबाबदारी कोणाची हे वेगळं. कालचे गृहस्थ म्हणाले होते, “पुलाला वेळ लागला तो बांधायला. इथे वेळ लागतो तो फॉर्म जुळवायला.”

मी बागेतल्या बाकावर बसतो. माझं गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीजवळ. आमच्याकडचा गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातो, कारण ते जवळ आहे आणि तिथे इलाज होतो. 1 जानेवारी 2018 पासून राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर आले होते. प्रश्न दोन राज्य सरकारांच्या टेबलावर गेला. तिथे जाणं भाग होतं, कारण रुग्णालय राज्याचं. पण रुग्ण ज्या गावातून निघतो आणि ज्या गावावरून जातो, तिथल्या पंचायती आणि पालिका त्या चर्चेत कुठे होत्या? तिळारीचं पाणी दोन्ही राज्यं वाटून घेतात, त्यासाठी संयुक्त प्रकल्प झाला. पण तो राज्यांनी केला. कसई-दोडामार्गची नगरपंचायत आणि डिचोलीची नगरपालिका एका टेबलावर बसून रुग्णवाहिकेचा किंवा कचऱ्याचा निर्णय घेतायत, असं चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

इथे दोन देश आहेत. दोन भाषा, दोन न्यायव्यवस्था, मध्ये युद्धाचा आणि सूडाचा इतिहास. फॅसिस्ट काळात स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, युद्ध संपताना गोरित्सियातून शेकडो माणसं उचलून नेली गेली आणि परतली नाहीत. दोन्ही बाजूंच्या घरांत ते दुःख अजून आहे आणि त्याच्या दोन वेगळ्या कहाण्या आहेत. इतकं असून सात आणि सात माणसं एका सभेला बसतात. आपल्याकडे संविधान एक, चलन एक, आणि मालवणी-कोंकणी बोलणाऱ्याला हद्दीपलीकडे दुभाषी लागत नाही.

दुपार कलताना मी सोल्कानला पोचतो. वर रेल्वेचा दगडी पूल. एका कमानीची रुंदी 85 मीटर, दगडी कमानीच्या रेल्वे पुलांत जगात सर्वांत मोठी. 1916 साली युद्धात तो उडवला गेला, 1927 पर्यंत पुन्हा बांधला. खाली पाणी निळंहिरवं आणि इतकं थंड, की बोट बुडवलं तर क्षणात काढावं लागतं. कायाकवाली पोरं प्रवाहाशी झुंजतायत. नव्या पुलावरून सायकली जातात, एकामागून एक. त्यांतला एक सायकलस्वार थांबून मला वाट विचारतो, आधी इटालियनमध्ये, मग स्लोव्हेनमध्ये. मी इंग्रजीत नाही म्हणतो. तो हसतो आणि पुढे जातो.

मला युरोपचं कौतुक करून थांबायचं नाही. आपल्याकडे स्थानिक स्वराज्य हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे दोन राज्यांच्या पालिकांना एक संस्था काढून देणं दोन विधानसभांच्याच हातात आहे. पण मागणी वरून यायची वाट बघू नये. ती सीमेवरच्या गावांनीच करावी. दोडामार्ग, बांदा, डिचोली, पेडणे इथल्या सरपंचांनी आणि नगराध्यक्षांनी आधी एकत्र बसावं, रुग्णवाहिका, कचरा आणि ओढ्याचं पाणी असे तीनच विषय घ्यावेत, आणि संयुक्त संस्थेसाठी कायदा करा असा एकच ठराव मुंबईला आणि पणजीला पाठवावा.